एका माणसाची टूर

आमच्या ऑफिसात आम्ही दोघीच. मालकीण रेनाटे आणि मी. हायडेलबर्गच्या जुन्या गावात, एका बेकरीच्या वर, दोन टेबलं आणि भिंतभर आइसलँडचा नकाशा. पाहुणे येतात, ज्वालामुखी बघतात, गरम पाण्यात बसतात, परत जातात. फोटो त्यांच्याबरोबर जातात, किस्से आमच्याकडे राहतात. आता ते इतके झालेत की ठेवायचे कुठे हाच प्रश्न आहे. पाहुण्यांची नावं बाहेर सांगायची नाहीत हा रेनाटेचा नियम. मग मी नावं बदलते आणि सांगून मोकळी होते. पोटात ठेवून त्यांचं काय लोणचं घालायचंय?

तर आमचा धंदा 'लक्झरी प्रायव्हेट टूर'चा. बस नाही, ग्रुप नाही, छत्री उंच धरून पुढे पळणारा गाइड नाही. एक मोठी काळी गाडी, एक ड्रायव्हर, वाफा सोडणारी जमीन आणि तुम्ही. शिवाय मी. फ्रँकफुर्टला विमानात बसल्यापासून परत फ्रँकफुर्टला उतरेपर्यंत मी सोबत असते. कार्डावर लिहिलंय 'रायझेबेग्लाइटुंग'. मराठीत सोबतीण म्हणा. तिथला ड्रायव्हर सिग्गी. लाल दाढी, दाराएवढा माणूस, बोलणं मोजकं. आमचं इंग्रजीत चालतं.

मी हे काम धरलं तेव्हा सांगलीच्या आत्याला फोनवर समजावून सांगत होते.

"प्रायव्हेट म्हणजे काय गं?"

"म्हणजे आत्या, एकच माणूस किंवा एकच कुटुंब. बाकी कोणी नाही."

"आणि तू?"

"मी सोबतीला."

"तू त्यांची कोण?"

"कोणी नाही."

मागे आत्याच्या कुकरची शिट्टी ऐकू आली.

"म्हणजे तो बिचारा पैसे भरून एकटा," ती म्हणाली, "आणि तू पगार घेऊन एकटी."

हे मी रेनाटेला जर्मनमध्ये करून सांगितलं. तिने कॉफीचा घोट घेतला. "गेनाऊ," म्हणाली, म्हणजे अगदी बरोबर. "पण वेबसाइटवर नको टाकू या."

*

डार्मश्टाटच्या एक बाई. उपग्रह सांभाळायचं काम करायच्या. त्यांनी बुकिंग करतानाच अट घातली होती: माझ्याशी कोणीही बोलायचं नाही. दिवसभर कानाला हेडफोन, आणि त्यात चार देशांतली माणसं एकदम बोलत असतात. सुट्टीत त्यांना फक्त शांतता हवी होती.

आम्ही शांतता दिली. विमानतळावर मी फक्त मान हलवली. सिग्गी मुळात कमी बोलणारा, त्याला तर सणच. गाडीत वायपरचा आवाज आणि बाहेर चिखलाची कुंडं. राखाडी चिखल आतून उकळतो आणि ढब्ब, ढब्ब करतो. तेवढंच काय ते संभाषण. पेट्रोलपंपावर मी सिग्गीला खुणेने विचारलं, चहा? तो खुणेने म्हणाला, हो. आमचं पुष्कळ जमलं होतं.

तिसऱ्या दिवशी जेवणानंतर मागच्या सीटवरून आवाज आला.

"फ्राउ झाब्निस."

मी सबनीस. इथे सगळे झाब्निसच म्हणतात. मी दचकून मागे वळले.

"तुम्हाला भावंडं किती?"

"एक भाऊ आहे. नाशिकला."

"काय करतो?"

सांगितलं. मग त्याची बायको काय करते, मुलं किती, मोठी कितवीत, वहिनीचं आणि आईचं पटतं का. मी उत्तरं देत गेले. संध्याकाळपर्यंत माझ्या मावसबहिणीच्या लग्नात मांडवात कोणी कशावरून तोंड वाकडं केलं इथवर आम्ही आलो होतो. बाई अगदी मन लावून ऐकत होत्या. मधेच म्हणाल्या, "थांबा. ही तीच आत्या का?"

फ्रँकफुर्टला निरोप घेताना त्यांनी माझा हात हातात धरला. "शांतता उत्तम होती," त्या म्हणाल्या. "आल्झो, म्हणजे, जरा जास्त झाली."

*

हेर फोग्ट, म्हणजे श्रीयुत फोग्ट, यांची मशिनं बनवायची फॅक्टरी होती. ती विकून टाकली आणि फिरायला निघाले. वय सत्तरच्या पुढे, बूट महागाचे, स्वभाव नीटनेटका. त्यांना ताजा लाव्हा बघायचा होता. ताजा म्हणजे थिजलेला, पण आतून अजून गरम. काळ्या दगडांच्या फटींतून वाफ येत होती आणि त्यावर पाऊस पडला की दगड चुरचुरायचे.

त्यांनी एक फोटो काढला. बघितला. छान आला होता. मग ते फोनवर बोट वरखाली फिरवू लागले. कोणाला पाठवावा ते शोधत असावेत. मी शेजारी उभी होते. नावं वर जात होती, खाली येत होती. बराच वेळ झाला. थंडीने त्यांचं बोट लाल झालं.

शेवटी त्यांनी माझ्याकडे बघितलं. "फ्राउ झाब्निस, तुम्हाला पाठवला तर चालेल का?"

"पाठवा की," मी म्हणाले.

माझ्या खिशात टिंग वाजलं. मी फोन काढून फोटो बघितला. जो लाव्हा समोर होता, तोच. मी म्हणाले, "वा, कुठे गेला होतात?" ते पहिल्यांदा हसले.

तेव्हापासून दर रविवारी मला हेर फोग्ट यांच्या सूपचा फोटो येतो. भोपळ्याचं, बटाट्याचं, कधी मसुराचं. मी अंगठा पाठवते. एकदा मी आजारी होते म्हणून पाठवायचा राहिला, तर त्यांनी तोच फोटो परत पाठवला.

*

एका जोडप्याने लग्नाच्या वाढदिवसाची टूर बुक केली आणि टूरच्या आधी त्यांचं भांडण झालं. कशावरून ते शेवटपर्यंत कळलं नाही. दोघंही श्टुटगार्टकडचे, दोघंही जर्मन, आणि दोघं माझ्यामार्फत बोलायचे.

"त्यांना विचारा, खिडकी बंद करणार का?"

मी वळून म्हणायचे, "खिडकी बंद करणार का?"

"तिला सांगा, वास येतोय."

गंधकाचा वास सगळीकडेच असतो, उकडलेल्या अंड्यासारखा. मी सांगायचे, "वास येतोय म्हणतात." असं मी पाच दिवस जर्मनमधून जर्मनमध्ये भाषांतर केलं. सिग्गीला जर्मन येत नाही. त्याला वाटलं ते दोघं वेगवेगळ्या देशांतले आहेत.

मग आम्ही त्या मोठ्या भेगेपाशी गेलो. जमीन उभी चिरल्यासारखी दिसते. एका बाजूला युरोपचा भूखंड, दुसऱ्या बाजूला अमेरिकेचा, आणि दोन्ही एकमेकांपासून लांब चाललेत. सिग्गीने इंग्रजीत समजावलं, "अगदी सावकाश. नखं वाढतात ना, तेवढ्याच वेगाने."

बाई खाली भेगेत बघत राहिल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "त्यांना सांगा, आपण जास्त फास्ट आहोत."

मी नवऱ्याकडे वळले. तो हाताच्या अंतरावर उभा होता.

"तिला सांगा," तो हळूच म्हणाला, "ऐकलं."

हे पुढे पोचवायचं माझ्याने झालं नाही. माझ्या स्वतःच्या घटस्फोटात आमच्या मधे वकील होते. त्यांना माझ्यापेक्षा बरे पैसे मिळाले, आणि त्यांना त्या भेगेपाशी उभं राहावं लागलं नाही.

*

ब्योबलिंगेनच्या निखिल सावंतने सहा जणांची टूर बुक केली होती. तो, त्याची बायको, दोन मुलं, आणि ठाण्याहून आलेले आईबाबा. बाबांची पंच्याहत्तरी होती. निघायच्या आठवड्यात त्याच्या ऑफिसात गो-लाइव्ह, म्हणजे नवी सिस्टिम सुरू करायची तारीख, अलीकडे आली, निखिल अडकला, मग सूनबाई मुलांसाठी थांबल्या. सहा जणांच्या गाडीत सावंतकाका आणि काकू असे दोघंच बसले.

काका हौशी माणूस. गरम पाण्याचा फवारा जमिनीतून घराएवढा उंच उडाला, तेव्हा त्यांनी विचारलं, "हा किती वेळाने उडतो?"

"दर सात-आठ मिनिटांनी, काका."

"रोज?"

"रोज."

काका काकूंकडे वळले. "बघ. आपल्या सोसायटीत दिवसाआड."

काकूंच्या बॅगेत मुगाची डाळ, तांदूळ आणि स्टीलचा मोठा डबा होता. तिथे लोक गरम जमिनीत भांडं पुरून त्यात ब्रेड भाजतात. सिग्गीने ती जागा दाखवली, तर काकू म्हणाल्या, "मग खिचडी का होणार नाही?" आणि झाली. सिग्गीने फावड्याने खड्डा केला, काकूंनी डबा फडक्यात बांधून आत सोडला, आणि आम्ही चौघं त्या वाफाळत्या वाळूभोवती राखणीला बसल्यासारखे बसलो. डबा उघडला तेव्हा वास थेट ठाण्याचा आला. पण खिचडी भरपूर होती.

"काकू, एवढी?"

"सहा जणांची टाकली गं," त्या म्हणाल्या. "हाताला तीच सवय लागली. महिनाभर आम्ही टूरचंच बोलतोय ना घरात."

सिग्गीने तीनदा घेतली. त्या दिवशी मला तो फार आवडला.

काकांची एक सवय होती. प्रत्येक ठिकाणाहून निघताना ते गाडीत बसायचे, मागे वळायचे आणि विचारायचे, "काय, सगळे बसले?" मागे चार रिकाम्या सीट. काकू शेजारी. त्या रोज म्हणायच्या, "हो, बसले. चला." संध्याकाळी नातवाला व्हिडिओ कॉल लावायचे. तो जर्मनमध्ये "कूल, ओपा" म्हणायचा, ओपा म्हणजे आजोबा, आणि फोन त्याच्या आईकडे जायचा. "अहो आई, पाण्यात उतरलात का?" "नाही गं. तुम्ही आलात की उतरू."

सिग्गीने मला विचारलं, हे रोज काय विचारतात? मी अर्थ सांगितला.

शेवटच्या दिवशी विमानतळाला निघताना काका दमले होते. बसले आणि डोळे मिटून घेतले. सिग्गीने गाडी सुरू केली नाही. आरशात बघितलं, मग अख्खा मागे वळला आणि त्या चार सीटांकडे बघत दाढीतून म्हणाला, "साग्ळे बास्ले?"

काकांनी डोळे उघडले.

"हो," ते म्हणाले. "सगळे."

*

एकदा पाहुणाच आला नाही. विमानतळावर मी त्याच्या नावाची पाटी धरून उभी, आणि रेनाटेचा फोन. त्याने रद्द केलं होतं. पण तिकडे सगळं ठरलं होतं, काही परत मिळणार नव्हतं. "तूच जा," ती म्हणाली. "पाहुणी म्हणून जा. आपण काय विकतो ते तरी कळेल."

मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. मुलीला हँबुर्गला मेसेज केला, 'आई आज पाहुणी.' तिने एक मुकुट पाठवला.

सिग्गीने माझ्यासाठी दार उघडलं, मला पुढे बसू दिलं नाही. मागे बसल्यावर कळलं की मागून माणसांची फक्त डोकी दिसतात. हॉटेलात खाजगी कुंड होतं, चहूबाजूंनी काळे दगड, वर धुकं. मी गरम पाण्यात बसले. पाणी सुंदर होतं. पहिल्यांदा वाटलं, अहाहा. मग वाटलं, हे कोणाला तरी म्हणायला हवं होतं. मग बोटांना सुरकुत्या पडल्या.

संध्याकाळी खाजगी जेवण. काचेची खोली, बाहेर डोंगर, एक टेबल, एक खुर्ची. खास माझ्यासाठी बोलावलेला आचारी प्रत्येक पदार्थाबरोबर येऊन त्याची माहिती सांगायचा आणि मागे मागे चालत निघून जायचा. तिसऱ्या पदार्थाला मी त्याला म्हटलं, तुम्हीही बसा ना. तो घाबरला. त्याला परवानगी नव्हती.

मग सिग्गी उद्याची वेळ सांगायला आत आला. त्याने ते टेबल बघितलं, ती एक खुर्ची बघितली. नंतर बाहेर जाऊन कुठूनसं एक स्टूल आणलं आणि माझ्यासमोर मांडलं. स्टूल त्याला फार लहान होतं.

"माझं घर उत्तरेला आहे," तो म्हणाला. "हिवाळ्यात तासभर गाडी चालवली तरी माणूस दिसत नाही. पण असं एकटं जेवताना आमच्याकडे मी कोणाला बघितलं नाही."

त्याने माझ्या ब्रेडचा तुकडा उचलला आणि मीठ मागितलं.

परत आल्यावर रेनाटेने विचारलं, "कसं वाटलं?" मी म्हटलं, "दुसरी खुर्ची ठेवायला सांग." आता सगळीकडे दोन खुर्च्या असतात. पाहुणे विचारतात, ही कोणासाठी? मी सांगते, कोट ठेवायला.

*

आणि वर्तककाका.

त्यांचा मुलगा मानहाइमला सॉफ्टवेअरमध्ये. तो वडिलांना घेऊन ऑफिसात आला होता. काका चिपळूणला शाळेत पीटीचे सर होते. अंगाने वाळलेले, पण ताठ. बायको गेल्यावर घर बंद करून मुलाकडे आले, त्याला वर्ष होत आलं होतं.

दारातूनच ते म्हणाले, "नमस्कार!"

नकाशाची पिन हलली असेल. रेनाटे खुर्चीतून अर्धी उठली.

"बाबा, हळू," मुलगा म्हणाला. "खाली बेकरी आहे."

काका खाली बसले. मग मुलगा मला म्हणाला, "ताई, एक सांगून ठेवतो. बाबा फार बोलतात, आणि आवाज हा असा. आमच्या बिल्डिंगमध्ये दुपारी रूहेत्साइट असते, म्हणजे शांततेची वेळ, आणि रविवारी तर दिवसभर. खालच्या बाई दोनदा येऊन गेल्या. फोनवर बोलले तरी खालपर्यंत जातं. तिकडे मोकळ्यावर त्यांना जरा बरं वाटेल. तुम्ही कंटाळू नका म्हणजे झालं."

मुलगा वाईट नव्हता. वडिलांच्या मफलरचं टोक नीट करत करत हे बोलत होता.

मी तयारीनेच गेले. पण काका बोललेच नाहीत. विमानात नाहीत, गाडीत नाहीत. चहा हवा का, तर मान. थंडी वाजतेय का, तर मान. धबधब्यासमोर उभे राहिले आणि परत येऊन बसले. एकदा काहीतरी पुटपुटले, मला कळलं नाही, मी "काय म्हणालात काका?" असं विचारलं तर हात हलवून "काही नाही" अशी खूण केली. मला वाटलं माझंच काही चुकलं. सिग्गीने विचारलं, "यांना बरं नाहीये का?"

मुलाचा फोन आला. "बाबा फार बोलत नाहीत ना?"

"नाही," मी म्हणाले. "अजिबात नाही."

"मग बरंय."

चौथ्या दिवशी आम्ही उत्तरेला गेलो. तिथे एका डोंगराखाली पिवळी पडलेली जमीन आहे, झाड नाही, गवत नाही, आणि मधोमध एका भोकातून वाफ बाहेर पडते. साधी नाही. विमान उडताना शेजारी उभं राहावं असा आवाज, रात्रंदिवस, न थांबता. माणसाने माणसाच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नाही. सिग्गी गाडीतच सगळ्यांना कानात घालायचे बोळे देतो. मी घातले. काकांनी हातात घेतले, बघितले आणि खिशात टाकले.

दोरी लावली होती तिथपर्यंत ते चालत गेले. आम्ही मागे थांबलो. काकांनी कोटाची बटणं लावली, पाय जुळवले, खांदे मागे घेतले. मग त्यांचं तोंड उघडलं.

आम्हाला काहीच ऐकू येत नव्हतं. नुसती मान दिसत होती आणि तिच्यावरच्या ताणलेल्या शिरा. एक हात वर गेला, खाली आला. ते बोलत होते. थोडं बोलून थांबायचे, कोणाचं तरी ऐकून घेतल्यासारखे, आणि परत सुरू करायचे. एकदा बोट दाखवून कोणाला तरी दटावलं. एकदा हसले, पोट धरून. वाफ वाऱ्याने वळली की ते दिसेनासे व्हायचे, आणि परत दिसायचे ते बोलतच असायचे.

सिग्गीने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. थंडी फार होती, आम्ही दोघं गाडीत जाऊन बसलो आणि काचेतून बघत राहिलो. दुसरी एक टूरची बस आली, माणसं उतरली, फोटो काढून गेली. काका तिथेच होते.

परत आले तेव्हा चेहरा, मिशा, मफलर, सगळं ओलं होतं. मी थर्मासमधला चहा दिला. तो त्यांनी सावकाश संपवला, कप माझ्या हातात दिला, आणि गाडीभर भरून राहील अशा मोकळ्या आवाजात विचारलं,

"मृदुलाताई, उद्या काय आहे?"

"उद्या हेलिकॉप्टर, काका. मोठ्या ज्वालामुखीच्या तोंडावरून नेतात. टूरमधलं सगळ्यात खास तेच आहे."

"ते रद्द करा," काका म्हणाले. "उद्या परत इथेच येऊ. माझं अजून बरंच राहिलंय."